बाबांच्या शुगरचे आकडे मला इथे बसून दिसतात, पण त्याचं करायचं काय?

स्टुटगार्टची_सांगलीकर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा सांगलीत असतात, वय ७१, बँकेतून रिटायर. शुगर १६ वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, रात्री झोपताना १४ युनिट इन्सुलिन, बीपीची एक गोळी वेगळी. मी जर्मनीत. दिवाळीला घरी गेले तेव्हा तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ टक्के आली होती आणि एकदा बाबा दुपारी घामाघूम होऊन खुर्चीत बसले ते मी डोळ्यांनी बघितलं, तेव्हा जाम घाबरले आणि तो दंडाला लावायचा, शुगर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर घेऊन दिला. ॲप बाबांच्या फोनवर, शेअर माझ्या फोनवर. आत्तापर्यंत पाच सेन्सर झाले, सलग.

पहिले दोन आठवडे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. आकडा वर गेला की फोन. "बाबा आत्ता काय खाल्लं? २३४ दाखवतंय." "अगं चहाबरोबर दोन मारी." "दोनच?" असं दिवसातून तीनदा. आता ते संध्याकाळी कट्ट्यावर जाताना फोनच घरी ठेवून जातात. विसरलो म्हणतात. घरी आले की सेन्सरमधला मधला डेटा ॲपमध्ये भरून येतो हे त्यांना माहीत नाही, त्यामुळे भडंग किती वाजता झालं ते मला कळतंच. सांगत नाही एवढंच.

मी एक्सेल पण केलंय. शुगर, बीपी (बाबा वहीत लिहितात, आई फोटो पाठवते), वजन, पावलं. आई मागच्या वेळी २३ पानांची पीडीएफ प्रिंट काढून डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलं पान बघितलं, अंगठ्याने बाकीची फर्रर्र केली, "छान आहे" म्हणाले आणि त्याच गोळ्या लिहिल्या. आईला इतकं ओशाळं वाटलं की आता नेणार नाही म्हणते.

तर सेन्सर चालू ठेवू का? एक पाच हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे महिन्याला दहा. पैसे मी देते, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की मी हे बघून नक्की काय करतेय. आणि अजून एक, ज्याने माझी झोप उडालीये. अडीच महिन्यांत तीनदा असं झालं की दुपारनंतर शुगर सरळ खाली, संध्याकाळी सहाच्या आसपास ५८, ६१, आणि मग रात्री अकराला २७०-२८०. बाकीचे दिवस असं नसतं. बाबा म्हणतात मशीन खराब आहे. पण तीन वेळा तीन वेगवेगळे सेन्सर होते.

पेठेतला_निवांत

ताई, रागावू नका, पण ७१ वर्षांच्या माणसाला दंडाला पट्टी लावून तुम्ही पॅरोलवर सोडलंय. आमच्या आजोबांना पण शुगर होती, ८८ वर्षं जगले, रोज जिलबी. काकांना जगू द्या.

टाइपवनची_आई

निवांतराव, तुमच्या आजोबांचं ठीक आहे, पण इथे माणूस इन्सुलिनवर आहे आणि ५८ दाखवतंय. ५८ म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली, जिलबीचा विषय नाही. मी नंतर सविस्तर लिहिते, लेकीची शाळा सुटायची वेळ झालीये.

गोड_नको_५८

मी स्वतः टाइप टू (मोठेपणी होतो तो नेहमीचा डायबेटिस), ११ वर्षं, फक्त गोळ्या. माझा अनुभव सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिली सहा वर्षं मी इमानदारीत रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचून वहीत लिहायचो. ११८, १२१, ११५. वही बघून मीच खूश. आणि तीन महिन्यांची आली ८.१. मी लॅबवाल्याशी भांडून आलो. नंतर कळलं की घोटाळा जेवणानंतर होता आणि मी फक्त सकाळचाच फोटो काढत होतो. सहा वर्षांच्या पट्ट्यांचे पैसे मोजत बसलो नाही, उगाच बीपी वाढलं असतं.

मग एका डाएटवाल्या मॅडमनी जोडीने मोजायला शिकवलं. एकाच जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. सोमवारी नाश्ता, मंगळवारी दुपारचं, बुधवारी रात्रीचं, आणि शेजारी काय खाल्लं ते. दोन आकड्यांमधला फरक बघायचा. आठवड्याला सहा-आठ पट्ट्या, पण कळलं किती! मला पोह्यांनी ८० ने वर जातं, तेच पोहे अर्धे आणि बरोबर मोड आलेली मटकी घेतली तर ४५. ज्वारीची भाकरी माझ्या डोक्यात देवमाणूस होती, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. रात्री जेवून वीस मिनिटं कॉलनीत चक्कर मारली तर फरक एवढा की बायकोला पण दाखवला. हे माझं हां, तुमच्या बाबांचं वेगळं असणार.

आता वर्षातून दोनदा सेन्सर लावतो, १४-१४ दिवस. एकदा उन्हाळ्यात आंब्याच्या दिवसात, एकदा औषध बदललं की. बाकी वर्ष त्याच शिकलेल्यावर चालतं. आणि हो, सेन्सरच्या बाजूवर झोपलं तर रात्री खोटं लो (म्हणजे शुगर खूप खाली) दाखवतो, माझं एकदा पहाटे तीनला ६२ दाखवून अलार्म वाजला, बोट टोचलं तर १०९. दंड दाबला गेला होता. पण ताई तुमचं ते संध्याकाळी सहाचं आहे, तेव्हा काय कुणी कुशीवर झोपत नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात दवाखाना. इथे कुणाची ट्रीटमेंट करत नाही, तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा, पण २३ पानांबद्दल बोलतो कारण तो अंगठा माझाही असू शकला असता.

सकाळी ओपीडीला ६०-७० पेशंट. एकाला पाच मिनिटं मिळाली तर नशीब. त्यात कुणी एक्सेल उघडलं की पोटात गोळा येतो. राग येत नाही, भीती वाटते, कारण त्यात एखादी महत्त्वाची गोष्ट असणार आणि मला ती सापडणार नाही. तुमच्या ॲपमध्ये एका पानाचा रिपोर्ट निघतो, १४ दिवस एकावर एक ठेवून २४ तासांची एकच आकृती, मधे एक रेघ आणि भोवती पट्टा. तेवढं पान आणा. त्यात मी पहिल्यांदा ७० च्या खाली किती वेळ गेला ते बघतो, मग ७० ते १८० मध्ये किती, मग वर. उलट क्रमाने बघणारे लोक (आणि डॉक्टर) डोस वाढवून बसतात आणि पेशंट बाथरूममध्ये पडतो.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मिळून जे आकडे ठरवले त्यात सर्वसाधारण माणसाला ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. पण वय झालेल्या, लो होण्याचा धोका असलेल्या माणसाला वेगळं सांगितलंय, मध्ये ५० टक्क्यांच्या वर असलं तरी चालेल पण ७० च्या खाली १ टक्क्याहूनही कमी. दिवसाचा १ टक्का म्हणजे साधारण पाव तास. तुमच्या बाबांना मी या दुसऱ्या गटात धरेन. म्हणजे तुम्ही ज्या २३४ ला फोन करता तो मला फार छळत नाही, ते ५८ छळतंय.

आता गंमत बघा. मी तुम्हाला एक पान आणा म्हटलं, पण १४ दिवसांत एकदाच घडलेली गोष्ट त्या एका पानात पुसून जाते, मधली रेघ गुळगुळीतच दिसते. त्यामुळे ते तीन दिवस वेगळे काढा, त्या तीन दिवसांची रोजची पानं जोडा आणि शेजारी पेनाने लिहा की त्या दिवशी घरात काय होतं. लग्न, प्रवास, पोट बिघडलं, जेवण हुकलं, जास्त चालणं. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. माझा संशय तिकडे आहे. तारखा कोणत्या?

आणि सेन्सर काय म्हणतो आणि अंगाला काय वाटतं ते जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करायची. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, झपाट्याने चढउतार होत असेल तेव्हा तो दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. पण घाम, थरथर असेल तर आधी साखर खायची, तीन-चार चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, मशीनशी वाद नंतर.

स्टुटगार्टची_सांगलीकर

डॉक्टरसाहेब खूप आभार. तारखा काढल्या, काही जुळत नाही हो. वार पण तिन्ही वेगळे. पहिल्या आणि दुसऱ्यात २९ दिवस, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३० दिवस. आईला विचारलं त्या दिवशी काय होतं तर म्हणाली काही नाही, नेहमीसारखंच. महिन्याच्या पेन्शनचा दिवस धरला तर तोही नाही.

मिरजेची_मावशी

अगं २९ आणि ३० दिवस! भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि बघ बाई. संकष्टी आहे ती. दिवसभर उपास, चंद्रोदय रात्री नऊला, मग वरणभात मोदक. आमच्याकडे ह्यांचं पण असंच व्हायचं, गोळी सकाळी घ्यायचे आणि वर नुसता चहा. तुझी आई "नेहमीसारखंच" म्हणाली कारण तिच्या लेखी ते नेहमीसारखंच आहे, चाळीस वर्षं करतायत.

गोड_नको_५८

मावशी, दंडवत. एवढा महागडा सेन्सर हरला आणि कॅलेंडर जिंकलं.

स्टुटगार्टची_सांगलीकर

आत्ता ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितलं. तिन्ही. तिन्ही संकष्टी आहेत. मला वाटत होतं इन्सुलिन सुरू झालं तेव्हाच बाबांनी उपास सोडला, त्यांनी मला तसं सांगितलं होतं. आई गप्प बसली!

नंतर सविस्तर लिहिते. आधी फोन करते. नाही, आधी शांत होते मग फोन करते.

टाइपवनची_आई

तो फोन करण्याआधी हे वाच म्हणून घाईने लिहितेय.

माझी लेक ९ वर्षांची, टाइप वन (यात शरीरात इन्सुलिन बनतच नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं), चौथ्या वर्षी निघालं. आमच्याकडे सेन्सर ही हौस नाही, तो काढला तर मला रात्री दर दोन तासांनी उठून बोट टोचावं लागतं, पहिली दीड वर्षं तेच केलंय. त्यामुळे कमी डेटा पुरतो वगैरे आम्हाला लागू नाही, डॉक्टरसाहेबही ते म्हणत नाहीयेत, पण वाचणाऱ्यांनी गल्लत करू नये. तिकडे अमेरिकेत २०१३-१४ ला टाइप वनच्या मुलांच्या आईबापांनीच, ज्यांच्यात इंजिनिअर होते, कंपनीची वाट न बघता सेन्सरचा आकडा स्वतः इंटरनेटवर चढवायची सोय केली, नाइटस्काउट नाव त्याचं, फुकट आहे, मी पण ते एका भल्या माणसाकडून बसवून घेतलंय. लेक शाळेत, आकडा माझ्या मनगटावर.

तर मी तुझ्यासारखंच केलं होतं. ती शाळेतून आली की दारातच "अकराला काय खाल्लंस?" एक दिवस म्हणाली, आई तू माझ्याकडे बघतच नाहीस, फोनकडे बघतेस आणि मग माझ्याकडे बघतेस. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले ते रडले. त्यानंतर घरात नियम केला. वरचा अलार्म माझ्या फोनवर बंद. आकडा वर दिसला तर त्याबद्दल दिवसभर बोलायचं नाही, रविवारी सकाळी दोघी बसून आठवड्याचा ग्राफ बघायचा आणि तो तीच वाचणार, मी नाही. फक्त ७० च्या खाली गेलं तर कुणालाही कधीही बोलायची मुभा.

आणि दुसरी गोष्ट, तू जर्मनीत आहेस. ५८ चा अलार्म तुला वाजून काय उपयोग? तू इकडे फोन लावणार, बाबांचा फोन घरी, बाबा कट्ट्यावर. अलार्म अशा माणसाच्या फोनवर हवा जो पाच मिनिटांत हातात साखरपाणी देऊ शकेल. आई, शेजारचे, कट्ट्यावरचा एखादा मित्र. तुला आठवड्याचं पान पुरे.

पेठेतला_निवांत

बरं, जिलबीचं मागे घेतो. पण मग मला सांगा डॉक्टर, हे घरोघरी मशीन लावून मोजायचं जे खूळ आलंय त्याने खरंच काही होतं का? की कंपन्यांचंच होतं?

तालुक्याचा_डॉक्टर

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर कंपन्यांना आवडणारं नाही.

इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप टू लोकांचा एक अभ्यास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात झाला, २०१७ ला छापून आला, ४५० माणसं. काहींना रोज शुगर मोजायला लावली, काहींना नाही. वर्षाने तीन महिन्यांच्या शुगरमध्ये फरक म्हणावा असा काही नाही. वरच्या गोड_नको साहेबांची पहिली सहा वर्षं म्हणजे तोच अभ्यास. हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर झालेल्या, ज्यांच्या अंगात पाणी साठून वजन वाढतं त्या) पेशंटचं पण तसंच, २०१० साली १६०० हून जास्त लोकांना रोज फोनवरच्या यंत्राला वजन आणि त्रास सांगायला लावलं, हॉस्पिटलमध्ये परत भरती होणं काही कमी झालं नाही. पण २०१८ ला जर्मनीत, बर्लिनच्या लोकांनी १५०० च्या वर पेशंटवर केलं तेव्हा मृत्यू कमी झाले. फरक काय होता? तिथे आकडे आले की २४ तास डॉक्टर-नर्स बसलेले होते, वजन वाढलं की त्याच दिवशी फोन, गोळी बदल.

बीपीचंही बघा. इंग्लंडमध्ये २०१८ ला ११८२ लोकांवर झालं. घरी मोजलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषध ठरवलं त्यांचं वर्षाने वरचं बीपी १३७ च्या आसपास, नुसतं दवाखान्यातल्या मापावर ज्यांचं ठरलं त्यांचं १४०. थोडं वाटतं पण लाखो माणसांमध्ये ते थोडं नसतं. आणि आकडे मोबाइलने पाठवा नाहीतर कागदावर लिहा, वर्षाअखेर दोन्हींत फार फरक नव्हता. म्हणजे वही चालते!

वहीवरून आठवलं. ताई, बाबांची बीपीची वही बघा. ऑटोमॅटिक मशीन शेवटचा अंक काहीही देतं, १३७, १४२, १२९. सगळे आकडे ० ने संपत असतील तर मशीनचं नाही, मनातलं लिहिलंय.

स्टुटगार्टची_सांगलीकर

१३०/८०, १३०/८०, १४०/८०, १३०/८०, १२०/८०.

अडीच महिने. मी हे एक्सेलमध्ये चढवून त्याचा रंगीत ग्राफ काढला होता.

गोड_नको_५८

बँकेत राऊंड ऑफ करायची सवय असेल हो :)

तालुक्याचा_डॉक्टर

हसू नका, माझ्या स्वतःच्या वडलांनी केलंय. बरं, नीट मोजायची पद्धत एकदाच लिहितो. रोज नको. डॉक्टरकडे जायच्या आधीचे सात दिवस फक्त. सकाळी गोळीच्या आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, एकावर एक नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्या तर मुळीच नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी परत तसंच. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकी सगळ्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या खाली हवी, दवाखान्यातल्या १४०/९० शी ती बरोबरी. पट्टा दंडाच्या मापाचा पाहिजे, जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. आणि मशीनला मेमरी असते, दवाखान्यात येताना वहीऐवजी मशीनच पिशवीत घालून आणा.

वाईची_सून

आमच्या सासूबाईंचं बीपी सरकारी दवाखान्यातच असतं. २०१७ च्या शेवटी देशात बीपीसाठी सरकारी मोहीम सुरू झाली त्यात पहिल्या काही जिल्ह्यांत आपला सातारा होता. तिथल्या सिस्टर मोजतात, फोनमध्ये नोंद करतात, महिन्याच्या गोळ्या तिथेच देतात, आणि सासूबाई एकदा गेल्या नाहीत तर "आजी आला नाही" म्हणून फोन आला. त्या फोनचं त्यांना एवढं अप्रूप की आता एक तारीख चुकत नाहीत. घरी मशीन आहे पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही, सिस्टरवर आहे.

बिट_आणि_बाइट

आयटीवाला आहे म्हणून दोन गोष्टी टोचतो. एक, ही हजार-दीड हजाराची घड्याळं येतात ना, न टोचता शुगर दाखवणारी, ती बाबांना कुणी भेट दिली तर कृपा करून ड्रॉवरमध्ये ठेवा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलंय की न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने तो आकडा धरून डोस घेतला तर काय होईल विचार करा. मी कुतूहल म्हणून एक केळ्याला गुंडाळलं होतं, केळ्याला पण पल्स आली.

दोन, तुमचं ते एक्सेल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तुमच्याकडून एकदा गेलं की कुठे फिरेल सांगता येत नाही. आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) काढलाय का, १४ आकडी, २०२१ पासून आहे? त्यात लॅबचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड वगैरे जोडता येतं आणि कुणाला दाखवायचं ते प्रत्येक वेळी तुमच्या संमतीने. आणि सेन्सरच्या ॲपमधून स्वतःची फाइल महिन्याला एकदा उतरवून ठेवा. फोन बदलला आणि लॉगिन विसरलं की बसा बोंबलत, माझ्या सासऱ्यांचा वर्षाचा डेटा असाच गेला.

मिरजेची_मावशी

मला हे आभा-बिभा कळत नाही पण सांगलीकर, बापाला फोन केलास का? काय म्हणाला?

स्टुटगार्टची_सांगलीकर

मंडळी, साधारण महिन्याने येतेय, मुद्दाम थांबले होते कारण मधे एक संकष्टी जायची होती.

त्या दिवशी फोन केला. ओरडायचं नाही असं ठरवून केला होता, तरी पहिली दोन मिनिटं ओरडलेच. बाबा ऐकून घेत होते, मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू बंद कर म्हणाली असतीस. तू लहानपणी तापाने फणफणली होतीस तेव्हा बोललेला उपास आहे तो." आता यावर काय बोलणार. इकडे हीटरजवळ बसून रडले.

मग टाइपवनची आईंनी लिहिलं होतं तसं केलं. वरचा अलार्म बंद. खालचा अलार्म आईच्या फोनवर आणि समोरच्या जोशीकाकूंच्या फोनवर (आडनाव बदललंय). माझ्याकडे फक्त रविवारी, बाबा स्वतः स्क्रीनशॉट पाठवतात आणि स्वतः सांगतात. बँकेतला माणूस, एकदा समजल्यावर मलाच शिकवायला लागलाय. "बुधवारी दोन वाजता जी उडी आहे ती मी केलीये, मशीनने नाही."

डॉक्टरांकडे आई दोन पानं घेऊन गेली. एक १४ दिवसांचं, आणि एकावर त्या तीन दिवसांचे ग्राफ, शेजारी पेनाने "संकष्टी, सकाळी गोळी घेतली, चहा, एक केळं, रात्री ९.३० ला जेवण". आई सांगत होती, डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. खरंच ओढली म्हणे. दहा मिनिटं बोलले. उपासाच्या दिवशी सकाळच्या गोळीचं आणि रात्रीच्या डोसचं काय करायचं ते वेगळं लिहून दिलं, एरवीची गोळीही बदलली. काय ते इथे लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी वाचून स्वतःवर करायचं. उपास सोडा असं म्हणाले नाहीत, दुपारी चारला राजगिऱ्याचा लाडू नाही पण दही-दाण्याची कोशिंबीर खायची असं ठरलं. बाबा म्हणाले ते उपासाला चालतं, तेव्हा तह झाला.

बीपीचं मशीन पिशवीतून नेलं. मेमरीत अडीच महिन्यांत ११ रीडिंग होती. अकरा! आणि वहीत दीडशे. खरी सरासरी १४८ च्या पुढे. त्याची गोळी वाढली. बाबांना विचारलं असं का केलंत, तर म्हणे "तुझ्या त्या तक्त्यात रिकामे चौकोन लाल व्हायचे, तू काळजी करायचीस." तो लाल रंग मीच टाकला होता. एक्सेल डिलीट केलंय.

सेन्सर आता सलग नाही. तीन महिन्यांतून एक, आणि औषध बदललं की एक. मधल्या काळात जोडीने बोट टोचणं, गोड_नको काकांच्या पद्धतीने, बाबांनी त्यासाठी नवीन वही घातलीये, चार रकाने आणि पाचवा "शेरा". परवाच्या संकष्टीला मुद्दाम सेन्सर होता. सगळ्यात खाली ८९ पर्यंत गेलं. ५८ वरून ८९! रात्री चढलं, पण २१० ला थांबलं.

तालुक्याचा_डॉक्टर

उत्तम. बीपीची गोळी वाढलीये तर काही आठवडे उठताना एकदम उठू नका म्हणावं, चक्कर येते का ते बघा, आणि आली तर उभं राहून मोजलेलं बीपी पण लिहा. पायांना मुंग्या वगैरे आहेत का ते पुढच्या वेळी विचारा, १६ वर्षं म्हणजे पाय आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायलाच हवा. ते कुठल्याच ॲपमध्ये येत नाही.

स्टुटगार्टची_सांगलीकर

डोळे झालेत, पाय राहिलेत. लिहून घेतलं.

मिरजेची_मावशी

ते सगळं झालं, मोदक किती खाल्ले ते सांग.

स्टुटगार्टची_सांगलीकर

मावशी, वहीत एक लिहिलाय. ग्राफ दोनचा आहे. मी फोन केला नाही.